सात घरांचा रिकामा रकाना

एकदा एक अहवाल सहीसाठी एका वयोवृद्ध विदुषीच्या टेबलावर आला आणि चार दिवस तसाच पडून राहिला.

समाजातल्या वेगवेगळ्या समूहांचा अभ्यास करण्यात या विदुषींचे आयुष्य गेले होते. निवृत्तीनंतर त्या जिल्ह्याच्या गावी एक छोटे संशोधन केंद्र चालवीत. दोन खोल्या, भिंतभर पुस्तके आणि तीन-चार संशोधक विद्यार्थी एवढाच त्याचा पसारा. सगळे त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत. अहवाल लिहिणारा नागेश हा त्यांचा सर्वांत मेहनती विद्यार्थी. वस्त्यांमधली विविधता, माणसांची ओळख आणि त्यांना सामावून घेण्याची प्रक्रिया हा त्याच्या प्रबंधाचा विषय होता, आणि या अहवालावर त्या प्रबंधाचा पुष्कळसा भाग उभा राहणार होता.

गावाच्या नदीकाठी एक जुनी वस्ती होती. नव्या पुलासाठी ती उठणार होती आणि तिथल्या दोनशे चौदा कुटुंबांसाठी नगरपालिकेने माळावर घरे बांधली होती. मुख्याधिकारी सद्हेतूचे गृहस्थ होते. प्रत्येक समाजाला आपापली गल्ली मिळावी, म्हणजे भांडणे होणार नाहीत आणि कोणी वगळले जाणार नाही, असे त्यांना वाटत होते. कोणते कुटुंब कोणत्या समाजाचे, याची शास्त्रशुद्ध पाहणी करण्याचे काम त्यांनी केंद्राकडे सोपवले होते.

नागेश दोन महिने वस्तीत हिंडला. सोळा प्रश्नांचा छापील नमुना घेऊन तो प्रत्येक दारात उभा राहिला. दोनशे सात कुटुंबांची नोंद झाली. नदीच्या अंगाला एका बाभळीभोवती सात घरे होती, ती मात्र दाद देईनात. समाज कोणता, असे विचारले की सातही घरांतून एकच उत्तर येई, “लिवा कायबी.” तीनदा जाऊन आल्यावर नागेशने त्या सातांना ‘इतर’ या रकान्यात टाकले आणि तक्ता पुरा केला.

पाचव्या दिवशी बाईंनी त्याला बोलावले.

“काम चांगलं झालंय,” त्या म्हणाल्या. “पण हे सात कोण?”

“त्यांनी माहिती दिली नाही, बाई. पण दोनशे चौदांतली दोनशे सात म्हणजे जवळजवळ सत्त्याण्णव टक्के झाले. एवढ्या पाहणीत इतकं राहतंच.”

“राहतं खरं. पण या सातांचं काय ते तुला समजल्याशिवाय मी सही करणार नाही.”

मग बाईंनी एक चमत्कारिक गोष्ट केली. त्याच्या हातातला नमुन्यांचा गठ्ठा घेतला, शर्टाच्या खिशातले पेन काढून घेतले, ध्वनिमुद्रण करायचा त्याचा फोनही मागितला आणि हे सारे कपाटात ठेवून किल्ली फिरवली.

“आता तीन दिवस त्या सात घरांपाशी जाऊन बस,” त्या म्हणाल्या. “तू एकही प्रश्न विचारायचा नाहीस. त्यांनी काही विचारलं, तर खरं उत्तर द्यायचं. आणि तिथं काही लिहायचं नाही.”

नागेश गोंधळला. “बाई, सोमवारी अहवाल नगरपालिकेत द्यायचाय. आणि प्रश्न न विचारता मला कळणार काय?”

“तारीख मला ठाऊक आहे,” बाई म्हणाल्या आणि पुढ्यातले पुस्तक वाचू लागल्या.

नागेशला राग आला होता. वयोमानाने बाईंचे काहीतरी बिघडले असावे, असेही त्याच्या मनात येऊन गेले. तरीपण दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाभळीखाली जाऊन बसला.

समोरच, सातांपैकी एका घराच्या दारात, यल्लूआक्का पाट्याला टाकी लावत होती. झिजून गुळगुळीत झालेल्या पाट्यावर छिन्नी धरायची आणि हातोडीने बारीक बारीक खाचा पाडायच्या, म्हणजे मसाला पुन्हा नीट वाटला जातो. सत्तरीच्या आसपासची बाई, पण हात एका लयीत चालत होता. शेजारी तिचा आंधळा दीर भीमाण्णा बाजेवर बसला होता. छिन्नीच्या आवाजावरून तो सांगे, “वैनी, त्या कोपऱ्यात कमी पडलं,” आणि आक्का मुकाट्याने तो कोपरा पुन्हा घेई.

रिकाम्या हाताने आलेल्या नागेशला पाहून ती हसली. “आज कागद इसरला व्हय, सायेब?”

“विसरलो नाही. बाईंनी काढून घेतले.”

“मग कशापायी आलास?”

“बसायला सांगितलंय.”

“बस की मग,” ती म्हणाली, आणि दिवसभर त्याच्याशी कोणी काही बोलले नाही.

त्या दिवशी नागेशच्या लक्षात एक गोष्ट आली. दोन महिन्यांत तो या जागी तीनदा आला होता, पण तिन्ही वेळा त्याचे डोळे कागदावर होते. भीमाण्णाला कोण जेवायला घालते हे त्याला माहीत नव्हते. दुपारी आक्का टाकी लावलेले पाटे घेऊन गावात गेली तेव्हा पलीकडच्या घरातून सुंदरा नावाची तिशीची बाई आली, तिने भाकरी कुस्करून भीमाण्णाच्या हातात वाटी दिली आणि तो जेवेपर्यंत तिथेच बसून राहिली. सुंदराचा नवरा हुसेन सुऱ्या-कात्र्यांना धार लावत असे. सायंकाळी तो परतला तो आक्काची छिन्नीही धारेला लावूनच घरात गेला. या सगळ्याला नागेशच्या नमुन्यात प्रश्न नव्हता.

दुसऱ्या दिवशी आक्कानेच तोंड उघडले.

“जेवतोस कुठं?”

“खानावळीत.”

“आई न्हाई?”

“आहे, गावाकडं. दोन जिल्हे पलीकडं.”

“आन् बाप काय करतो?”

“नोकरीला आहे. नगरपालिकेत.”

हे उत्तर नागेशने शाळेत दिले होते, वसतिगृहात दिले होते, विद्यापीठाच्या मुलाखतीत दिले होते. आजवर कोणी पुढचे विचारले नव्हते. आक्काने विचारले, “नगरपालिकेत काय करतो?”

खरं उत्तर द्यायचं, असे बाईंनी बजावले होते.

“गटारं काढतो,” तो म्हणाला. “सव्वीस वर्षं झाली.”

त्याला वाटले, आता हिच्या नजरेत काहीतरी बदलेल. तो बदल नागेश लहानपणापासून ओळखत होता. आक्काने फक्त हातोडी खाली ठेवली.

“उतरतो का आत?”

“पूर्वी उतरायचा. आता खोकला लागलाय, म्हणून वरून बघतो.”

“पोरगं शिकलं म्हून बरं वाटत आसंल त्येला.” मग थोडे थांबून तिने विचारले, “तू समद्यास्नी नुसतं ‘नोकरीला’ म्हून सांगतोस न्हवं?”

“हो.”

“का रं?”

“कारण पुढचं ऐकलं की लोक मला बघतच नाहीत. तेवढंच बघतात.”

आक्काने मान हलवली. तिने त्याला आत बोलावले आणि काळा चहा दिला. नागेश खोलीवर परतला तेव्हा त्याच्या मनातला राग गेला होता, पण एक अस्वस्थता होती. लोकांना आपण दोन महिने जे विचारत होतो, ते आपल्याला एकदाच विचारले गेले, तर खरे उत्तर द्यायला बाईंचे बजावणे आठवावे लागले.

तिसऱ्या दिवशी आक्का आणि भीमाण्णाबरोबर सुंदराही बाभळीखाली येऊन बसली. आक्काने सरळ विचारले, “नव्या जागंत आमची घरं कुठं हैत?”

नागेशला नकाशा पाठ होता. “प्रत्येक समाजाची एक गल्ली आहे. तुम्ही सात घरं ‘इतर’मध्ये आहात. गल्ल्या भरून झाल्यावर टोकाला जी घरं उरली, ती तुम्हाला आहेत. एका गल्लीत एक, अशी.”

“म्हंजी येक हितं, येक तिथं?”

“हो.”

“मग ह्येला दुपारचं कोन खायाला घालनार?” आक्काने भीमाण्णाकडे बोट दाखवले. ‘इतर’ हा शब्द त्याने एका कंटाळलेल्या सायंकाळी, तक्ता पुरा व्हावा म्हणून लिहिला होता. त्या एका शब्दाने सात दारे एकमेकांपासून तोडली होती.

मग सुंदराने हळूच विचारले, “दादा, कागदात आमचं नाव, गाव, समाज लिवला, तर त्यो कागद कोन वाचतं?”

नागेशच्या तोंडात तयार वाक्य होते. तुम्ही दिलेली माहिती संपूर्णपणे गोपनीय राहील. नमुन्याच्या माथ्यावर ते छापलेलेच होते. पण तीन दिवसांत त्याला खरे उत्तर शोधायची सवय लागली होती. त्याने नीट विचार केला.

“माझ्याकडचे कागद कपाटात राहतील,” तो म्हणाला. “पण त्यावरून घरांची यादी होईल. ती नगरपालिकेच्या फलकावर लावतील. कोणाची हरकत असेल तर त्यानं यावं म्हणून. संगणकावरही टाकतील. मग कोणीही वाचेल.”

सुंदराचा चेहरा उतरला. तिने आक्काकडे पाहिले.

“सांग त्येला,” आक्का म्हणाली. “त्यानं सोताचं सांगितलंय.”

सुंदरा बोलली ते थोडक्यात असे. अकरा वर्षांपूर्वी ती हुसेनबरोबर घर सोडून निघाली. दोन्हीकडच्यांनी दारे बंद केली, पण तिच्या माहेरच्यांचा राग तेवढ्यावर शमला नाही. तिचे भाऊ अजूनही बाजाराच्या गावांतून धार लावणाऱ्यांची चौकशी करत फिरतात. पहिली दोन वर्षे ही दोघे गावोगाव पळत होती. मग या बाभळीखाली आली आणि आक्काने त्यांना पाल ठोकायला जागा दिली.

“आमच्याकडं कोन कागद घिऊन आलं की समदे म्हनत्यात, लिवा कायबी,” सुंदरा म्हणाली. “माज्यासाठी म्हनत्यात.”

नागेश आक्काकडे वळला. प्रश्न विचारायचा नाही, हे त्याला आठवले, पण त्याच्या चेहऱ्यावरचा प्रश्न आक्काने वाचला.

“आमाला नाव न्हाई व्हय?” ती म्हणाली. “हाय की! धा पिढ्यांचं नाव हाय, देव हाय, गानी हैत. मला काय लाज न्हाई त्याची. पर मी माजं सांगितलं, त्यानं त्याचं सांगितलं, तर गप बसनारी ही येकलीच उरंल. मग समदे तिच्याकडंच बघत्याल. म्हून आमी समदेच गप बसतो.”

भीमाण्णा बाजेवरून म्हणाला, “गप बसायला काय कष्ट पडत न्हाईत, सायेब.”

निघताना तो एवढेच म्हणाला, “हे माझ्या कागदात जाणार नाही.”

शनिवारी सकाळी तो केंद्रात आला. बाई वाटच पाहत होत्या.

“समजलं का, ते सात कोण आहेत?”

“समजलं, बाई.”

“मग सांग.”

नागेशने खाली पाहिले. “मी ते लिहिणार नाही. आणि क्षमा करा, पण तुम्हालाही सांगणार नाही. यासाठी तुम्ही सही केली नाहीत, प्रबंध अडला, तरी माझी तक्रार नाही.”

बाईंनी त्याच्याकडे टक लावून पाहिले. “अहवालात काय लिहिशील?”

“‘इतर’ हा शब्द खोडतो. सात कुटुंबे, समाज सांगू इच्छीत नाहीत, असं लिहितो. आणि त्याखाली लिहितो की त्यांना एकमेकांच्या शेजारी घरं हवी आहेत, कारण एका अंध माणसाची देखभाल त्यावर अवलंबून आहे. एवढं लिहायला त्यांची परवानगी आहे. आत्ता येताना तिकडं जाऊन विचारून आलोय.”

बाईंनी कपाट उघडून त्याचे पेन त्याला दिले, आणि त्याने ती दुरुस्ती केल्यावर त्याच पेनाने अहवालावर सही केली.

नागेश चकित झाला. “बाई, तुम्हाला हे आधीच माहीत होतं का?”

“काय आहे ते मला आजही माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “तुझ्या अहवालात मला एवढंच दिसलं की सात घरं अगदी एकाच शब्दांत उत्तर देताहेत. सात घरं एकच उत्तर देतात तेव्हा ते ठरवून दिलेलं असतं. ते कोणीतरी कोणासाठी तरी ठरवलेलं असतं. तू त्याला माहितीचा अभाव म्हणालास.”

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. आवाज थोडा खाली आला.

“मी तुझ्याएवढी होते तेव्हा एका समूहावर पुस्तक लिहिलं. त्यात एका शिक्षिकेची कहाणी होती. तिनं विश्वासानं सांगितलेली. मी नाव बदललं, पण गाव आणि शाळा तशीच ठेवली, कारण अभ्यास काटेकोर हवा. पुस्तकाला मान मिळाला. आणि गावानं ओळखलं, तेव्हा त्या बाईंना ते गाव सोडावं लागलं. मी लिहिलं होतं ते अक्षरन् अक्षर खरं होतं, नागेश. मी त्यांना शोधत गेले, तेव्हा त्यांनी दार उघडलं, मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, आता आणखी काही विचारू नका.”

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“माणूस स्वतःची ओळख सांगतो तेव्हा तो आपल्या हातात काहीतरी सोपवत असतो,” बाई पुढे म्हणाल्या. “ते आपल्याला पेलेल का, हे त्याला आधी पाहायचं असतं. म्हणून तुला प्रश्न विचारू दिले नाहीत. त्यांनी तुला पारखावं, एवढीच सवड मला त्यांना द्यायची होती.”

सोमवारी दोघे नगरपालिकेत गेले. मुख्याधिकाऱ्यांनी तक्ता पाहिला आणि कपाळाला आठी घातली. “बाई, रकाना रिकामा ठेवून कसं चालेल? वर काय कळवू?”

“तुम्हाला तो रकाना कशासाठी हवाय?” बाईंनी शांतपणे विचारले.

“गल्ल्या पाडायला.”

नागेश पुढे झाला. “साहेब, मग कोणाच्या शेजारी राहायचंय, हेच का विचारू नये? गल्ल्या त्यावरूनही पडतील.”

मुख्याधिकारी लगेच तयार झाले नाहीत. कामाला उशीर होईल, पुढारी ओरडतील, असे ते म्हणाले, आणि ते खोटेही नव्हते. पण त्यांनी आठवडाभर विचार केला आणि एका पानाचा नवा नमुना काढायला परवानगी दिली. त्यात एकच प्रश्न होता. उत्तरे आली तेव्हा सगळ्यांनाच आश्चर्य वाटले. साठाहून अधिक कुटुंबांनी आपल्या समाजाच्या गल्लीबाहेरचे शेजारी मागितले होते. कोणाला बाळंतपणात धावून आलेली शेजारीण हवी होती, कोणाला जोडीने गाडा ढकलणारा सोबती. काहींना आपलीच गल्ली हवी होती आणि ती त्यांना मिळाली. एका गल्लीच्या म्होरक्याने मात्र बराच गोंधळ घातला. त्याचा मुख्याधिकाऱ्यांवरचा राग शेवटपर्यंत गेला नाही. घरांचा ताबा तीन महिने लांबला. फलकावर जी यादी लागली तिच्यात घराचा क्रमांक आणि कुटुंबप्रमुखाचे नाव एवढेच होते, आणि एका घरापुढे हुसेनने आणि सुंदराने स्वतः निवडलेले नाव होते.

सात दारे एका ओळीत आली. भीमाण्णाने पहिल्याच दिवशी हाताने भिंती चाचपत सातही दारे मोजली.

दोन वर्षांनी नागेशच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली. बाहेरगावाहून आलेले परीक्षक नामांकित आणि कडक होते. त्यांनी पाने उलटत एका तक्त्यावर बोट ठेवले.

“इथं सात नोंदी रिकाम्या आहेत. एवढ्या बारकाईनं केलेल्या कामात ही त्रुटी कशी राहिली? माहिती मिळाली नाही का?”

सभागृहात बाई मागच्या ओळीत बसल्या होत्या. नागेशने त्यांच्याकडे पाहिले नाही.

“माहिती मिळाली होती, सर,” तो म्हणाला. “ती मला ऐकायला दिली होती. लिहायला दिली नव्हती.”

परीक्षकांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिले. काहीतरी विचारावे म्हणून त्यांनी तोंड उघडले, मग विचार बदलला. हातातली पेन्सिल त्यांनी त्या रिकाम्या रकान्यावर क्षणभर टेकवली, कोणतीही खूण न करता उचलली आणि पान उलटले.

आपणही रोज कोणाला ना कोणाला विचारत असतो, ‘तुम्ही कोण? कुठले?’ विचारायला हरकत नाही. त्या माणसाने आपल्याला उलट तेच विचारले, तर खरे उत्तर द्यायची आपली तयारी आहे का, एवढे आधी पाहून घ्यावे.